मॉरिसच्या तेलात पाणी

मल्हारी गांगुर्डे आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात राहायचा. नाशिकरोडला, जेलरोडच्या अलीकडे आमची कॉलनी. घरं बहुतेक कारकुनांची, शिक्षकांची. सकाळी इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडणाऱ्या आम्हा लोकांत मल्हारी तेवढा निळ्या डांगरीत असायचा. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. हसू आलं की आधी त्याचे खांदे हलायचे आणि आवाज मागाहून यायचा.

वडील इगतपुरीला रेल्वेत खलाशी होते. ते गेल्यावर आई, विठाबाई, तिथेच राहिली. पावसाळ्यात घराच्या भिंती हिरव्या व्हायच्या, कपडे वाळायचे नाहीत, तरी ती नाशिकला यायला तयार नसायची. मल्हारी मात्र मिसरूड फुटायच्या आत नाशिकला आला आणि मोटारींच्या कामात पडला. माझी स्कूटर तोच बघायचा, तीही उपकार म्हणून. त्याचा खरा जीव जुन्या मोटारींवर. ही सगळी हकिगत मला त्याच्याकडूनच कळली. एकदम नाही, वर्षानुवर्षं, तुकड्या-तुकड्यांनी.

शिंगाडा तलावाजवळ त्याचं गॅरेज होतं. म्हणजे त्याचं आणि प्रफुल्लचं. पाटीवर मात्र 'प्रफुल्ल ऑटो' एवढंच लिहिलेलं. मी एकदा विचारलं, "तुझं नाव का नाही रे पाटीवर?"

"लोक त्याला ओळखतात," तो म्हणाला. "माझे गाडीखालून बाहेर आलेले पायच दिसतात त्यांना. पायांचं नाव कशाला लिहायचं?"

प्रफुल्ल इगतपुरीचाच, मल्हारीच्या शाळेतला. गोरा, हसरा, कुणाशीही दोन मिनिटांत घरोबा करणारा. वडिलांशी भांडून तो नाशिकला आला तेव्हा मल्हारीच्याच खोलीवर उतरला, त्याच्याच ताटात जेवला. पाना कसा धरायचा इथपासून मल्हारीने त्याला शिकवलं. पुढे मल्हारीच्या धाकट्या बहिणीचं, राखीचं, त्याच्याशी लग्न ठरायची वेळ आली तेव्हा विठाबाई काचकूच करत होती. "पोरगा लय गोड बोलतो," एवढंच तिचं म्हणणं. मल्हारी म्हणाला, "आई, मी हाय ना." त्याच्या शब्दावर लग्न झालं. तेव्हापासून प्रफुल्ल गॅरेजात 'प्रफुल्ल' आणि घरी 'दाजी'.

अठ्ठ्याण्णव साली त्यांच्याकडे मोहिनीबाई आल्या. गंगापूर रोडला राहायच्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, ताठ बांध्याच्या, बोलणं तोलून मापून. त्यांच्या यजमानांची चोपन्न सालची मॉरिस मायनर होती. यजमान गेल्यापासून ती बंगल्यामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. बाई त्याच गाडीवर मोटार चालवायला शिकल्या होत्या आणि आता त्यांना ती पुन्हा स्वतः चालवायची होती.

"चालणार असेल तर चालेल म्हणा," त्या मल्हारीला म्हणाल्या. "नसेल तर तसं सांगा, मी तिला परत झाकून ठेवीन. मला समजूत घातलेली आवडत नाही."

मल्हारीने इंजिन पूर्ण खोललं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा तो मुख्य लोखंडी ठोकळा, ज्याच्या आत एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने पाणी खेळतं, तो कॉस्टिकच्या पाण्यात उकळून स्वच्छ केला. मग त्याला रॉकेल चोळलं, पुसून कोरडा केला आणि वर खडूची पूड लावून ठेवला. लोखंडाला कुठे केसाएवढा तडा असला तरी त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. सकाळी त्याने खिडकीजवळ नेऊन ब्लॉक सगळ्या बाजूंनी बघितला. रेघ नव्हती. मग महिनाभर खपून त्याने इंजिन जुळवलं. लहानसहान भाग लेथवर करून घेतले, काही मुंबईच्या भंगारबाजारातून शोधून आणले. बाई मधून मधून यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि विचारायच्या, "हा कुठला भाग?" तो सांगायचा. त्यांना ऐकायला आवडायचं, त्याला सांगायला.

"इंजिन ठणठणीत आहे, बाई," तो शेवटी म्हणाला. "माझा शब्द."

इंजिन गाडीत चढलं, फक्त सुरू करायचं राहिलं होतं, आणि इगतपुरीहून निरोप आला की विठाबाईला न्युमोनिया झालाय, दवाखान्यात ठेवलंय. मल्हारी निघाला. निघताना प्रफुल्लला म्हणाला, "रेडिएटरचा खालचा रबरी होज कुजलाय. नवा यायचाय मुंबईहून. मी येईपर्यंत सुरू करू नको."

"वेडा आहेस का? आईकडे बघ तू," प्रफुल्ल म्हणाला. "आल्यावर दोघं मिळून सुरू करू."

इगतपुरीत तेव्हा दिवसच उजाडत नव्हता असा पाऊस लागलेला. विठाबाईला श्वास पुरत नव्हता. जरा शुद्धीवर आली की विचारायची, "राखी आली का?" मल्हारीने दवाखान्यासमोरच्या बूथवरून राखीच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. उलटा निरोप आला की तृप्तीला, म्हणजे राखीच्या लेकीला, सणकून ताप आहे, राखीला निघता येत नाही. त्याने आईला तसं सांगितलं. विठाबाई म्हणाली, "लेकराला सोडून नको येऊ म्हणावं तिला." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ती त्या आजारातून उठली. राखी आली, पण आईला दवाखान्यातून घरी सोडल्यावर.

मल्हारी नाशिकला परतला तर मॉरिस लख्ख पुसलेली. नवा होजही बसवलेला. प्रफुल्ल म्हणाला, "म्हटलं, तू दमून येशील. तेवढंच काम कमी." मल्हारीला बरं वाटलं. त्याने मला त्या दिवशी सांगितलंसुद्धा, "प्रफुल्लला आता कामाची गोडी लागली. न सांगता करतो."

दसऱ्याला बाईंनी गाडी नेली. स्टेअरिंगवर बसून त्यांनी काच खाली केली आणि मल्हारीला नमस्कार केला. तो फडक्याने हात पुसत राहिला.

थंडी पडायला लागली आणि बाईंचा फोन आला. रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय, पण गाडीखाली एक थेंब नाही.

मल्हारी गंगापूर रोडला गेला. पाणी कुठेतरी जायलाच हवं. बाहेर पडत नसेल तर आत जात असणार. त्याने तेलाची पट्टी बाहेर काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर आलं होतं, कुणी घातलेलं नसताना. आणि रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा. बोटांत चोळलं तर बुळबुळीतपणा राहिला नव्हता. तेल भरायच्या तोंडाचं झाकण उघडलं, तर आतून पिवळट साय धरलेली.

"हे वाईट आहे का?" बाईंनी विचारलं.

"कधी कधी नसतं," तो म्हणाला. "थंडीत गाडी नुसती कोपऱ्यापर्यंत नेली आणली तर आतली वाफ सुकत नाही, झाकणाला अशी साय धरते. तुम्ही किती चालवता?"

"धरणापर्यंत जाते. येते. रोजच म्हणा ना."

एवढ्या अंतरात इंजिन चांगलं तापतं, वाफ उडून जाते. वाफेचा प्रश्न नव्हता. त्याने गाडी रात्रभर तशीच उभी ठेवायला सांगितली. सकाळी येऊन खालचा बोल्ट अगदी सावकाश ढिला केला. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. तेलाच्या आधी पाण्याची बारीक धार आली, आणि ती हिरवट होती. रेडिएटरमध्ये त्याने स्वतः भरलेलं कुलंट हिरवंच होतं. आता शंकेला जागा नव्हती.

पाणी तेलात कसं शिरतं याच्या दोन-तीनच वाटा असतात. धूर पांढरा येतो का बघितलं, येत नव्हता. प्लग काढून बघितले, कोरडे आणि तपकिरी. चारही सिलिंडरांचा दाब सारखा. म्हणजे पाणी सिलिंडरात जात नव्हतं, सरळ तेलात उतरत होतं. हेड, म्हणजे ब्लॉकचं वरचं झाकण, आणि ब्लॉक यांच्यात दाबून बसवलेला पातळ पत्रा, गॅस्केट, दगा देत असेल असं त्याने धरलं. गाडी गॅरेजात आणली, हेड उतरवलं. गॅस्केटवर पाणी फुटल्याची खूण दिसेना. हेडवर पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून बघितली, कुठे फट नाही. तरी नवं गॅस्केट घातलं, नट ओळीने, ठरलेल्या ताणाने कसले, तेल बदललं. प्रफुल्ल बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "गॅस्केटच असणार. हल्ली माल कुठे चांगला येतो!"

महिना गेला आणि तेल पुन्हा पांढरं झालं.

या वेळी बाई स्वतः गाडी घेऊन आल्या. प्रफुल्ल नव्हता. स्टुलावर बसल्या, पण कुठला भाग म्हणून विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मल्हारी, आईच्या आजारपणात तुमचं लक्ष ठिकाणावर नसणार, हे मी समजू शकते. पण तसं मला सांगायला हवं होतंत. मी थांबले असते."

मल्हारीला अर्थबोध होईना. "कशाचं, बाई?"

"हेडचे नट घाईत चुकीचे कसले गेले, म्हणून पहिल्यांदा पाणी शिरलं ना? प्रफुल्लने मला मागेच फोन करून सांगितलं. तुमची बाजूच घेत होता बिचारा. म्हणाला, मल्हारीला बोलू नका, तो मनाला लावून घेईल."

हे सांगताना मल्हारी माझ्या ओट्यावर बसला होता. म्हणाला, "मी हेड आईच्या आजाराच्या आधीच कसलं होतं. त्याला माहीत होतं. शेजारी उभा होता तो." तेव्हाही त्याला वाटत होतं की प्रफुल्लच्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली असेल. माणूस आपल्या माणसासाठी किती सबबी शोधतो, ते मी त्या संध्याकाळी बघितलं.

रविवारी गॅरेज बंद असतं. मल्हारी एकटाच गेला. या वेळी त्याने हेडला हात लावला नाही. रेडिएटरच्या तोंडाला रबरी बूच बसवलं, त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि त्याला सायकलचा पंप. पाण्यावर बाहेरून दाब आणला तर जिथे वाट असेल तिथून ते बाहेर येणारच. पण बघायचं कुठे? सिलिंडर नाही, गॅस्केट नाही. राहिला तो ब्लॉकच्या कुशीतला टॅपेटचा, म्हणजे झडपा हलवणाऱ्या दांड्यांचा, कप्पा. त्या कप्प्याच्या भिंतीपलीकडे पाणी असतं आणि अलीकडे तेल. पण ब्लॉक तर त्याने स्वतः तपासला होता. खडूवर रेघ नव्हती. म्हणूनच आजवर तिकडे त्याची नजर गेली नव्हती.

त्याने धुराच्या नळ्यांचं मॅनिफोल्ड उतरवलं, मागचं पत्र्याचं झाकण काढलं. झाकणाच्या नटांवर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. तो पंपावर उभा राहिला, दाब दिला, मग खाली वाकून बॅटरीचा उजेड आत टाकला.

सुरुवातीला काही नाही. मग भिंतीवर एक हिरवट थेंब जमला, मोठा झाला आणि ओघळला.

जिथून थेंब आला तिथलं लोखंड बाकीच्यापेक्षा गुळगुळीत होतं. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं. वरचा जळक्या तेलाचा थर गेला आणि खालून राखाडी पुट्टी निघाली. बोटभर लांबीचा तडा पुट्टीने भरून, घासून, वर जुनं तेल चोळून झाकलेला. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडलेली होती. तडा पुढे सरकू नये म्हणून पाडतात तशी. ही गोष्ट प्रफुल्लला त्यानेच शिकवली होती, पहिल्या वर्षी, एका ट्रॅक्टरच्या ब्लॉकवर.

तो तिथेच जमिनीवर बसला. मग झाकण न लावता, हात न धुता, प्रफुल्लच्या घरी गेला आणि त्याला गॅरेजात घेऊन आला.

प्रफुल्लने आत वाकून बघितलं. म्हणाला, "अरे बापरे. जुना तडा दिसतोय हा."

"प्रफुल्ल."

"जुन्या गाड्यांना असतं, मल्हारी. तुझ्या नजरेतून सुटलं असेल."

"ही भोकं कुणी पाडली?"

प्रफुल्ल गाडीपासून मागे सरला.

"दाजी, भोकं कुणी पाडली?"

गॅरेजात त्याने त्याला दाजी कधी म्हटलं नव्हतं. प्रफुल्ल बाजूच्या टायरवर टेकला आणि मग बोलायला लागला तो भराभर. तू तिकडे होतास. गाडी तयार होती. लोक बघायला यायचे, सुरू करून दाखव म्हणायचे. म्हटलं, एक चक्कर मारून येऊ त्र्यंबक रस्त्याला. महिरावणीच्या पुढे होज फुटला, कळलंच नाही. वाफ दिसली तेव्हा थांबलो. घाबरलो रे. ओहोळाचं पाणी डब्याने आणून ओतलं. गार पाणी पडलं आणि आतून टच्‌कन आवाज आला.

"तापलेल्या लोखंडावर गार पाणी," मल्हारी म्हणाला. "तुला मी किती वेळा सांगितलं असेल?"

"मी लगेच थांबलो होतो! राखीला विचार ना, राखी सांगेल तुला."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, काय बोललो ते.

मल्हारीने विचारलं, "तृप्तीला ताप होता ना?"

आणि उत्तराची वाट न बघता तो राखीकडे गेला.

राखी तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होती. मल्हारी दारात उभा राहिलेला बघून तिने हातातली चादर तशीच दोरीवर टाकली. त्याने एवढंच विचारलं, "तू गाडीत होतीस?"

"होते," ती म्हणाली. मग रडायला लागली. "दादा, आई एवढी आजारी आहे असं वाटलंच नव्हतं. हे म्हणाले, अशी गाडी पुन्हा बसायला मिळायची नाही. एका दिवसाचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी निघणारच होते, तर हे सगळं झालं. मग ह्यांचं ते पुट्टी लावणं, तुला कळू न देणं. मी गेले असते तर तू माझ्या तोंडावरून ओळखलं असतंस."

"ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, राखी."

"मला वाटलं, कळलं तरी तू सोडून देशील. तू नेहमीच सोडून देतोस."

मल्हारी म्हणायचा, तड्याचं काही नाही, लोखंड आहे, तडकतं. प्रफुल्लचं खोटंही त्याने एखाद वेळी पचवलं असतं. पण आपण सोडून देतो हे आपल्या बहिणीने धरून ठेवावं आणि त्यावर हिशेब मांडावा, हे त्याच्या घशाखाली कधी उतरलं नाही.

त्याने प्रफुल्लला एकच गोष्ट सांगितली. बाईंकडे जा आणि झालं ते जसंच्या तसं सांग. ब्लॉकचा तडा लोखंडी खिळ्यांनी शिवून घेता येतो, पुण्याला तसं काम करणारे आहेत, ते मी बघतो. पण सांगायचं तू. प्रफुल्लने मान डोलावली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. दुसऱ्या दिवशी जाऊनही आला. "सांगितलं," म्हणाला. "बाई समजूतदार आहेत."

मल्हारीने पुण्याला फोन लावला, ब्लॉक उतरवायची तयारी केली. आठवड्याभराने बाई आल्या. प्रफुल्ल दारातच होता. त्या त्याला म्हणाल्या, "तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत. आमच्या ह्यांनी एकदा कसारा घाटात गाडी तापवली होती खरी. तडा तेव्हाचाच असणार. तुम्हाला तरी तो आधी दिसायचा कसा?"

मल्हारी गाडीखालून बाहेर आला.

"बाई, तडा साहेबांच्या वेळचा नाही," तो म्हणाला. "तो जुलैत पडलाय. आमच्याकडे." आणि प्रफुल्लकडे वळून म्हणाला, "सांग."

प्रफुल्लने बाईंकडे बघून नुसता खांदा उडवला. 'याचं हे असंच असतं, तुम्ही बघताय ना' अशा अर्थाचा तो खांदा होता. त्याच्या चेहऱ्यावर भीतीसुद्धा नव्हती, दया होती. मल्हारीबद्दलची दया.

मल्हारीने सगळं सांगितलं. खडूची तपासणी, फुटलेला होज, गार पाणी, पुट्टी. बहिणीचं नाव मात्र त्याने घेतलं नाही. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. त्या शाळा चालवलेल्या बाई होत्या. दोन मुलं समोर उभी करून कोण खरं बोलतंय ते ओळखायची त्यांना सवय असणार. मल्हारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"ब्लॉक तपासलात तेव्हा दुसरं कुणी होतं?" त्यांनी विचारलं.

"हा होता."

प्रफुल्ल म्हणाला, "तेव्हाही बारीक रेघ दिसली होती, बाई. मी म्हटलंही होतं याला."

बाई उठल्या. "तुमच्यापैकी एक जण खोटं बोलतोय," त्या म्हणाल्या. "कोण, ते शोधत बसायचं माझं वय राहिलं नाही. आधी हे मला म्हणाले की नट तुम्ही चुकवलेत. मग म्हणाले, तडा जुना. आता तुम्ही म्हणता, ह्यांनी पाडला. माझा तुमच्यावर फार भरवसा होता, मल्हारी. म्हणूनच आता मला इथे नकोय ती गाडी."

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. सुटे भाग मल्हारीने कापडात गुंडाळून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून, गाडीच्या मागच्या सीटवर रचून दिले. तो तडाही खडूने आखून ठेवला, पुढच्या मिस्त्रीला शोधावा लागू नये म्हणून. ट्रक पुण्याला गेला. पुढे त्या गाडीचं काय झालं ते त्याला कळलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

त्याच संध्याकाळी त्याने आपली हत्यारं पोत्यात भरली. प्रफुल्ल म्हणाला, "एका गाडीपायी? आपण घरचे आहोत, मल्हारी." मल्हारीने पोतं खांद्यावर घेतलं. नंतर मला म्हणाला, "बोललो असतो तर तो पुन्हा गोड बोलला असता, आणि मी थांबलो असतो."

शिंगाडा तलावाच्या बाजारात गोष्ट पसरली ती प्रफुल्लच्या तोंडची. मल्हारीचा हात आता पूर्वीचा राहिला नाही, ब्लॉक बघायला चुकला, आणि वर मेहुण्याशी भांडून गेला. ज्यांच्या गाड्या त्याने वर्षानुवर्षं बघितल्या, त्यांतले काही जण रस्त्यात भेटले की नजर चुकवायचे. त्याने आडगावच्या बाजूला ट्रकवाल्यांच्या एका शेडमध्ये काम धरलं. पुढे दोन हजार एक-दोनच्या सुमारास जेलरोडलाच छोटी जागा घेऊन डिझेल पंप आणि ट्रॅक्टर बघायला लागला. काम भरपूर असायचं. हाताखाली माणसं ठेवली, पण भागीदार नाही. आणि जुनी मोटार घेऊन कुणी आलंच, तर चहा पाजून परत पाठवायचा.

त्याची बायको, कलाबाई, मोकळ्या तोंडाची. ती राखीला रस्त्यात गाठून चार शब्द ऐकवून आली. मल्हारीने तिला अडवलं नाही, आणि शाबासकीही दिली नाही. विठाबाईला काही कळू द्यायचं नाही एवढंच त्याने घरात सांगून ठेवलं. ती दोन हजार चारला गेली. शेवटपर्यंत विचारायची, "तुम्ही बहीण-भाऊ एकमेकांकडे जात का नाय?" तो म्हणायचा, "काम लय असतं, आई." मातीला राखी आली, त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याने तिला पाणी आणून दिलं. बोलणं झालं नाही.

प्रफुल्लचं चांगलं चाललं. महामार्गाला काचेचं मोठं दालन झालं, गणवेशातली पोरं कामाला लागली.

दोन हजार नऊला तृप्तीचं लग्न निघालं. पत्रिका घेऊन राखी आली. एकटीच. केस पांढरे झाले होते तिचे. ओट्यावरच उभी राहून म्हणाली, "दादा, तिचा यात काही दोष नाही."

"नाही," मल्हारी म्हणाला. "येईन मी."

मीही गेलो होतो त्याच्याबरोबर. हॉल फुलांनी भरलेला, पांढऱ्या कपड्यातली माणसं, भन्तेजींची वंदना चाललेली. मंगल परिणय झाला. तृप्ती स्टेजवरून उतरून मामाच्या पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचा चेहरा मी कितीतरी वर्षांनी तेवढा सैल झालेला बघितला.

तेवढ्यात प्रफुल्ल आला. सफारी सूट, हातात फुलांचा गुच्छ. व्याही मंडळींना घेऊन आला आणि मल्हारीच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "हे आमचे मेहुणे. मी आज जो काही आहे तो ह्यांच्यामुळे. माझे गुरू म्हणा ना! ह्यांनी मला घडवलं. तब्येतीमुळे मध्येच सोडलं काम, नाहीतर आज दालनावर दोघांचं नाव असतं."

व्याह्यांनी हात जोडले. "जयभीम, मामा. वा, तुमचं भाग्य मोठं, असा शिष्य मिळाला."

मी मल्हारीकडे बघितलं. सगळा हॉल आजूबाजूला. दोन हातांवर तृप्ती, नवऱ्याच्या बाजूला उभी, हसत. पलीकडे राखी, ताटं मांडायला सांगता सांगता थबकलेली. तिचे डोळे त्याच्यावर लागले होते.

"जयभीम," मल्हारी म्हणाला. प्रफुल्लचा हात त्याने खांद्यावरून काढला, ओढून नाही, सावकाश, आणि त्याचा त्याला परत दिला. "तब्येत माझी चांगली होती. काम मी वेगळ्या कारणाने सोडलं. ते ह्यांना विचारा कधी. आज नको."

व्याही गोंधळून हसले. प्रफुल्लही हसला. तृप्तीचं हसू मात्र मावळलं. तिने आधी वडिलांकडे बघितलं, मग आईकडे. राखीने मान खाली घातली.

जेवून जा म्हणून कुणीतरी आमच्या मागे आलं. मल्हारी म्हणाला, "पोट बरं नाही." स्कूटरवर मागे बसल्यावर, उड्डाणपुलाखालून जाताना, तो माझ्या कानाशी म्हणाला, "पोरीच्या लग्नात बोलायला नको होतं का रे?"

मी म्हटलं, "तू काहीच बोलला नाहीस."

"तेवढंही नको होतं," तो म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "पण खोटं ऐकून पुन्हा मान डोलवायची, हे आता होत नाही माझ्याच्याने."

घरी आल्यावर कलाबाईने त्याला भाकरी आणि पिठलं वाढलं. तो पोटभर जेवला.